ड्यूटी संपली तरी घरी न जाणारी काळजी

लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेला माणूस “आपण काय करत होतात?” असं विचारतो, तेव्हा मी “काळजी करत होतो” असं सांगतो. तो हसतो. मी हसत नाही, कारण त्यात विनोद नसतो. दुर्गजवळ, हथखोजच्या एका फाउंड्रीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. बाकीचे लोक पोलाद वितळवायचे, साच्यात ओतायचे, घासायचे, विकायचे. मी हेल्मेट घालून हिंडायचो आणि मनाशी म्हणायचो, हे पडलं तर? ते तुटलं तर? हा माणूस बोलता बोलता मागं सरकला तर? याचा मला पगार मिळत असे. हेच घरी केलं की बायको म्हणायची, “फॅक्टरी बाहेर ठेवून या.”

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी अपघातांवर लिहा म्हणून सांगितलं होतं. वाचकांना ते आवडतं, असंही म्हणाले. आवडत असेल. पण ज्यांची बोटं गेली ती माणसं मला अजून सुपेल्याच्या बाजारात भेटतात, भाजीची पिशवी दुसऱ्या हातानं धरतात. त्यांच्याबद्दल फराळासोबत वाचायला काही लिहिणं मला जमणार नाही. मी लिहितोय ते अशा प्रकरणाबद्दल, ज्यात कोणाला साधं खरचटलंही नाही, आणि तरी सगळ्या नोकरीत मला इतकं अस्वस्थ दुसऱ्या कशानं केलं नाही.

आधी आमचा धंदा समजून घ्या. तो मुळात सोपा आहे. अवघड वाटावा म्हणून त्याच्या परिषदा भरवतात. धोका ओळखायचा. त्यावर उपाय करायचा. उपाय नीट झाला का ते पाहायचं. मग घरी जायचं. हे शेवटचं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं, आणि या हकिकतीतली सगळी भानगड तिथंच आहे.

कुलपाचंच घ्या. ज्याला मशीनमध्ये हात घालायचा आहे तो आधी मेन स्विच बंद करतो आणि त्याला स्वतःचं कुलूप लावतो. किल्ली स्वतःच्या खिशात. तिघं काम करणार असतील तर तीन कुलपं. त्यानं बाहेर येऊन स्वतःच्या हातानं कुलूप काढेपर्यंत ते मशीन कोणीही, मालकसुद्धा, सुरू करू शकत नाही. एकदा एक फिटर कुलूप काढायला विसरला आणि किल्ली खिशात घेऊन अहिवाऱ्याला मेहुण्याच्या लग्नाला गेला. मालक लाल झाले. म्हणाले, करवत आणा. मी म्हणालो, जीप पाठवा. जीप गेली, नवरदेवाशेजारून त्याला उचलून आणलं, त्यानं फेट्यासकट येऊन कुलूप काढलं आणि जीप त्याला परत मांडवात सोडून आली. तेवढा वेळ अख्खं शेड हात बांधून बसलं होतं. मालकांनी मला ते कधी माफ केलं नाही, पण त्यानंतर दुसऱ्याच्या कुलपाकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

आणि साहूजींचं. साहूजी क्रेन चालवायचे. वितळलेल्या पोलादाचं भांडं त्यांच्या क्रेनला लटकून लोकांच्या वरून जायचं. एका सकाळी ते खाली उतरून आले आणि म्हणाले, ब्रेकचा आवाज वेगळा येतोय, मी भांडं उचलणार नाही. क्रेन थांबवली. लोक वर चढले, ब्रेक उघडून पाहिला. ब्रेक उत्तम होता. केबिनच्या पत्र्याचा एक बोल्ट सैल होऊन खडखडत होता. मी साहूजींना सांगितलं. ते म्हणाले, “देख लेव न साहब? बस, होगे.” म्हणजे, पाहिलंत ना, मग झालं. वर गेले आणि कामाला लागले. दुपारी पाहतो तर डबा संपवून, डोळ्यांवर पंचा टाकून घोरत होते. त्यांची शंका खोटी निघाली, तरी मी तिला उत्तम काळजी म्हणेन. आली, आपलं काम करून घेतलं आणि गेली.

आता दिवाकर नागपुरे.

नागपुरे आमचे इलेक्ट्रिकल फोरमन. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडील रेल्वेत होते, बदलीनं दुर्गला आले आणि घर इथलंच झालं. कुलूप लावल्यावर एकदा ओढून पाहावं असा आमचा नियम होता. नागपुरे ओढून पाहत, थोडं पुढे जात, परत येऊन ओढत. पुन्हा पुढे जात, पुन्हा परत येत. आम्हाला ते फार आवडायचं. नव्या भरतीला सांगायचो, नागपुरेसाहेबांसारखं व्हा. “नागपुरेंनी पाहिलंय” म्हटलं की विषय संपायचा. फक्त नागपुरेंचा संपत नसे.

सुट्टीच्या वेळेला ते माझ्या केबिनच्या दारात येत.

“साहेब, तो भट्टीचा पॅनल बंद केला न आपन?”

“तुम्हीच केला. मी शेजारी होतो.”

“हो न. मले मालूम आहे. पन तुमी पाहिलं न?”

“पाहिलं.”

“मंग ठीक आहे.”

जायचे. मग गेटवरून फोन यायचा, “साहेब, पाहिलं म्हनजे सोता पाहिलं न?”

बरेच महिने ही कारखान्यातली एक गंमत होती. मग माझ्या लक्षात आलं की पॅनल हे फक्त निमित्त आहे. पॅनलचं मिटलं की घरच्या सिलेंडरचं निघायचं. ते मिटलं की मुलीचं. प्राची नागपूरला फार्मसी शिकत होती. तिनं फोन उचलला नाही की तिच्या मैत्रिणीला फोन, मैत्रिणीनं उचलला नाही की वॉर्डनला. ती बोलली की पीएफचं काय होणार, आणि ते झालं की स्वतःच्या छातीचं. एक काळजी उठून गेली की तिच्या जागेवर दुसरी बसायची, आणि जागा अशी कधी रिकामी नसायचीच. नागपुरे डबा उभ्यानं खायचे. मान सारखी चोळायचे. पूर्वी कधी कोणाला अरे-तुरे न करणारा माणूस हाताखालच्या पोरांवर खेकसायला लागला. “झोप लागते का?” विचारलं तर म्हणाले, “लागते न. मंग उठून बसतो.” दुर्गला जाऊन त्यांनी छातीचा ईसीजी काढून घेतला. निर्दोष आला. दोन दिवस माणूस हलका होता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “साहेब, ते बी मशीनच आहे. मशीनवर कोनाचा भरोसा?” हे मशीन दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला माणूस सांगत होता.

सगळ्यांकडे एकच औषध होतं: “टेन्शन मत लो.” हे वाक्य ऐकून ज्याचं टेन्शन कमी झालं असा माणूस मला आजवर भेटलेला नाही. जणू त्यानं ते हौसेनं, दुकानात जाऊन घेतलेलं असतं.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असतो. बाहेरच्यांना हा उत्सव माहीत नसेल. त्यात ‘सुरक्षा सर्वोपरि’ असा फलक लावतात; आमच्याकडे तो लावणारा माणूस टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल ठेवून उभा होता. प्रमुख पाहुण्यांना कोरं हेल्मेट देतात, त्यावर किमतीचं लेबल तसंच असतं. मग सगळे हात पुढे करून शपथ घेतात, आणि दुसऱ्या हातानं तिचा व्हिडिओ काढतात. त्या वर्षी पर्सनेलवाल्यांच्या डोक्यातून एक पुरस्कार निघाला, ‘सुरक्षा प्रहरी’. शाल, नारळ, मानपत्र, आणि गेटवर मोठा फोटो. नाव एकमतानं ठरलं. दुसरं कोणाचं ठरणार होतं? कारखान्यानं एका माणसाच्या दुखण्याचा सत्कार करायचं ठरवलं होतं, आणि त्या दुखण्याला अजून आमच्यात कोणी दुखणं म्हणत नव्हतं.

यादी लागली त्या दिवशी नागपुरे केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं.

“साहेब, ते इनाम कोनालेही द्या. मी नोकरी सोडून राहिलो.”

“कावून?” मीही त्यांच्या बोलीत घसरलो.

“गेटवर माहा फोटो लावतीन. लोकं म्हनतीन, नागपुरेनं पाहिलं, आता आपल्याले पाहाची गरज नाई. अन् एखांद्या दिवशी माह्याकून राहून गेलं त?”

“आजवर कधी राहिलं?”

“नाई. म्हनूनच त भेव वाटते.”

“प्राचीचं शिक्षण व्हायचंय अजून. नोकरी सोडून कराल काय?”

“घरी राहीन.”

“घरी काळजी नाही येणार?”

नागपुरेंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “तिथं त जास्त येते,” ते म्हणाले.

माझ्या टेबलावर गॅस डिटेक्टर पडला होता, छातीला लावायची एक डबी. हवेत विषारी गॅस असला की किंचाळते. मी ती उचलली. “ही आठवते? विश्वकर्मा पूजेला ही अगरबत्तीच्या धुरानं किंचाळत सुटली होती. एकानं काय केलं, रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकली. दुसरा म्हणाला, दर वेळी शेड खाली करू. आपण काय केलं?”

“कॅलिब्रेशनले पाठवली.”

“मोजमाप नीट लावून आणलं. फेकली नाही.”

“नाई.” ते डबीकडे पाहत राहिले. “म्हनजे मी बिगडलो आहो.”

“यंत्र चांगलं आहे. गरजेपेक्षा तिखट झालंय.”

“अन् ते पाठवाचं कुठं?”

“मनाच्या डॉक्टरांकडे.”

ते उठले. “साहेब, मी पागल नाई,” इतकंच म्हणाले आणि गेले. जाताना दार उघडंच टाकलं. दार उघडं टाकून नागपुरे गेलेले मी पहिल्यांदा पाहिले. होळीची सुट्टी झाली की राजीनामा देणार, असं त्यांनी खाली डिपार्टमेंटमध्ये सांगून टाकलं होतं.

होळीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे वैशाली नगरला गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. शोभावहिनींनी चहा ठेवला. नागपुरे हातात मोबाईल घेऊन खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत चालत होते.

“पोरगी फोन नाई उचलून राहिली,” ते म्हणाले.

“अवं, दुपारी बोलली न ते माह्याशी,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“दुपारचं दुपारी झालं.”

“आता यायले कोन समजावन, भाऊ?” वहिनी बाहेर येऊन मला म्हणाल्या. “मी जेवाले बसली का हे विचारते, गॅस बंद केला का. मी उठून पाहतो. बसली का परत विचारते. मी बी थकली आता.”

तेवढ्यात फोन लागला. नागपुरेंनी स्पीकर चालू केला. कानाला लावून ऐकण्याइतका दम त्यांच्यात नव्हता.

“कावून नाई उचलत?”

“बाबा, नहा रही थी. इतनी बार कॉल करता का कोनी?”

“होळीले येऊन नाई राहिली. कावून?”

“पेपर आहे न.”

“पेपर एप्रिलमधे आहे तुहा. मीच फीस भरली, मले मालूम नाई?”

मग प्राची म्हणाली, आणि आवाज चिडका नव्हता, तेच वाईट होतं:

“बाबा, सच बोलू? मी गाडीत बसली का तुमी विचारता गाडी निकली क्या. मंग गोंदिया आला का. डोंगरगडच्या अलीकडं जंगलात नेटवर्क जाते, तर तुमी स्टेशनवर जाऊन बसता. मम्मी सांगते न मले, जेवत नाई तुमी त्या दिवशी. परत जाताना तेच. मी नाई आली तर तुमी निदान जेवता. इसीलिए नहीं आती मैं.”

वहिनी पदरानं हात पुसत होत्या, कोरडेच. त्यांना हे माहीत होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

नागपुरे “बरं, बरं” म्हणाले आणि फोन वहिनींकडे दिला. मग ते खुर्चीवर बसले. दिवसभरात बहुधा पहिल्यांदा. चहा गार झाला. मी काही उपदेश केला नाही. सुरक्षा सप्ताहानं माझी ती हौस कायमची फिटवली होती.

“साहेब,” ते शेवटी म्हणाले, “मी सारी काळजी पोरीसाठीच करून राहिलो होतो. अन् पोरगी माह्या काळजीची काळजी करून घरी येनं सोडून राहिली.” मग गार चहा एका घोटात संपवून म्हणाले, “ते कॅलिब्रेशनवाले डॉक्टर दुर्गले बसतात का?”

डॉक्टर बाई दुर्गलाच बसायच्या. औषधांच्या दुकानावर जिना, वर छोटी पाटी. नागपुरेंनी तोंडाला गमछा गुंडाळला होता. बाकावर तसाच गमछा गुंडाळलेले आमचे अकाउंट्सचे एक गृहस्थ भेटले. दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि दोघांनीही दात दाखवायला आल्याचं सांगितलं.

डॉक्टर बाईंनी नागपुरेंच्या आग्रहावरून मलाही आत बसू दिलं. त्यांनी विचारलेलं साधंच होतं. काळजी एकाच गोष्टीची आहे की विषय बदलत राहतात? बहुतेक दिवस असते का, आणि किती महिने? थांबवायची ठरवली तर थांबते का? मान, पोट, झोप? लवकर थकता, चिडता, लक्ष लागत नाही? मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “या काळजीमुळे तुम्ही काय काय करायचं सोडलंत?”

नागपुरेंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी नाई सोडलं. पोरीनं सोडलं.”

बाई म्हणाल्या, काळजी सगळ्यांनाच असते. परीक्षा असली, कोणी आजारी असलं की वाढते आणि प्रसंग सरला की उतरते. पण ती सहा-सहा महिने, बहुतेक दिवस, विषय बदलत राहते, आवरत नाही, अंगावर दिसायला लागते आणि माणसाचं रोजचं जगणं अडवते, तेव्हा तिला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. तो चिंताविकार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइडमुळेही असं होतं म्हणून आधी रक्त तपासायला सांगितलं. चहा किती घेता, तेही विचारलं. आकडा ऐकून भुवया वर गेल्या. रक्त ठीक निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि दर आठवड्याला समुपदेशकाकडे बसायचं ठरलं. गुण यायला काही आठवडे लागतील, मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत, हेही बजावलं.

“मॅडम, या गोळीनं काही तरास?”

त्यांनी काय काय होऊ शकतं ते सांगितलं.

“म्हनजे खास तरास नाई न?”

“नागपुरे, हा प्रश्न दुसऱ्यांदा झाला,” बाई हसून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही. ते एकदा विचारतील, एकदा उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा द्यायचं नाही. तुमच्या उत्तरानं त्यांना घटकाभर बरं वाटतं, आणि मग पुढचं उत्तर हवं होतं.” आयुष्यभर लोकांना ‘पुन्हा पाहा’ म्हणण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे पथ्य होतं.

सत्काराचा दिवस आला. समुपदेशकाची पहिली वेळ नेमकी तेव्हाच मिळाली होती. मंचावरून नाव पुकारलं: श्री दिवाकर नागपुरे. टाळ्या. पुन्हा पुकारलं. पाहुणे शाल उलगडून उभे होते, लग्नात अंतरपाट धरणाऱ्यासारखे. शेवटी मला वर ढकललं. ती शाल माझ्या खांद्यावर आली, नारळ हातात आला, आणि निवेदकानं माणसाच्या सतर्कतेवर भाषण सुरू केलं. माझं तिकडे लक्ष नव्हतं. नागपुरेंनी निघताना मला फोन करायचं कबूल केलं होतं; आला नव्हता. नारळाखाली मोबाईल धरून मी लावून पाहिला. बंद. परत लावला. बंद. जिन्यावरूनच परत फिरला असेल. लिहून ठेवलेला राजीनामा अजून खिशातच होता, तो घेऊन मालकांच्या घरी गेला असेल. गाडीवर असेल, लक्ष ठिकाणावर नसेल, आणि समोरून ट्रक. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पुन्हा तोच नंबर लावत होतो. हे रोज, सगळ्या गोष्टींचं, न थांबता होत असेल तर माणूस उभा कसा राहतो, हे मला त्या मंचावर कळलं.

तासाभरानं नागपुरेंचा फोन आला. “तिथं मोबाईल बंद ठेवाले लावला, साहेब. कसा झाला माहा सत्कार?”

“छान झाला. मी होतो,” मी म्हणालो.

राजीनामा दिला गेला नाही. गेटवर फोटोही लागला नाही; त्यासाठी मला पर्सनेलवाल्यांशी बरंच भांडावं लागलं, कारण चौकट बनवून झाली होती. गुण हळूहळू आला, आणि सरळ रेषेत आला नाही. “पाहिलं न?” एकदा विचारायचे, मी “हो” म्हणायचो. दुसऱ्यांदा तोंड उघडलं की मी छताकडे बघायचो. ते दारात उभे राहायचे, मान चोळायचे, घाम पुसायचे, आणि जायचे. गेटवरून फोन वाजायचा आणि मी उचलण्याआधीच बंद व्हायचा. मग तोही वाजेना. पावसाळ्यात एकदा सगळं उलटलं, आठवडाभर पुन्हा डबा उभ्यानं. बाईंनी सांगितलं, असं होतं, चालू ठेवा. चालू ठेवलं.

मला चुटपुट लागते ती त्यांच्या आधीच्यांची. एक स्टोअरकीपर होते, त्यांना आम्ही ‘टेन्शन मास्टर’ म्हणायचो. त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी ते किती काळजीवाहू होते ते सांगितलं. कोणाचं बोट कापलं तर आमच्याकडे चौकशी समिती बसायची. अशी माणसं जायची तेव्हा फक्त समोसे यायचे.

मी त्याच वर्षी निवृत्त झालो आणि बोरसीच्या घरी बसून बिनपगारी काळजी करू लागलो. दिवाळीच्या दोन दिवस आधी नागपुरेंचा फोन आला. प्राची येतेय, दुर्ग स्टेशनवर येता का?

गेलो. नागपुरे बाकावर बसले होते. मोबाईल वरच्या खिशात. गुडघा हलत होता, पण माणूस बसलेला होता. म्हणाले, जेवून आलो. गाडी उशिरानं धावत होती. आम्ही साहूजींचं बोललो, मालकांच्या नव्या गाडीचं बोललो. मध्येच ते खिशाकडे हात न्यायचे आणि तसाच परत आणायचे.

“साहेब,” ते एकदम म्हणाले, “तुमी कावून घडीघडी मोबाईल पाहून राहिले?”

“गाडी कुठे आहे ते दिसत नाहीये. गोंदियाच्या पुढे काहीच येत नाही.”

“तिथं जंगल आहे न. नेटवर्क जाते.”

“माहीत आहे.”

“मंग?”

“तरी.”

नागपुरेंनी माझ्याकडे नीट पाहिलं, पॅनलकडे पाहत तसं.

“तुमी करून राहिले न काळजी?”

“करतोय.”

“मंग एक जन पुरे आहे,” ते उठत म्हणाले. “मी च्या घेऊन येतो.”

ते फलाटावरून चालू लागले. थोडं पुढे गेले, आणि मी सवयीनं वाट पाहिली. पण ते परत आले नाहीत. सरळ टपरीपर्यंत गेले.